बर्फ गेला, खळगा राहिला

मित्रांनो, ज्या वर्षी करंजाड्याच्या जगन मोकल यांच्या थोरल्या मुलाचे, केतनचे, लग्न झाले, त्या वर्षी मी पनवेलला आले. ते साल २०१९. हे लग्न माझ्या लक्षात राहिले, कारण माझे खोके उघडणारी मुलगी ही केतनची धाकटी बहीण मनस्वी होती. लग्नघरातून ती सरळ प्रयोगशाळेत आली होती. तिचे दोन्ही तळहात हळदीने पिवळेजर्द झाले होते. खोक्याच्या दोऱ्या सुटताच पहिला आवाज ऐकू आला तो प्रयोगशाळेचे प्रमुख चारुदत्त सर यांचा. "मनस्वी, हळदीचे हात बाजूला! आधी हातमोजे." तिने घाईने हातमोजे चढवले आणि मला कडेने उचलले. कोणीतरी मला स्पर्श करणार म्हणून मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले. तेव्हापासून घाबरतेच आहे.

मी एक जुनी मिठाची चकती आहे. तुमच्या आमटीत पडते तेच मीठ, दुसरे काही नाही. फक्त मला समुद्राच्या पाण्यातून न काढता भट्टीत वाढवले आहे. वितळलेल्या मिठाला एक लहान खडा टेकवायचा आणि तो अगदी सावकाश वर ओढायचा. मग त्याच्याभोवती मिठाचा स्वच्छ गोळा जमत जातो. तो कापून, घासून माझ्यासारख्या चकत्या होतात. मी रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी आहे. मला डोळ्यापुढे धरले तर पलीकडचे सगळे दिसते, म्हणून नवखी माणसे मला काच समजतात. प्रयोगशाळेत मला विंडो म्हणतात.

मिठाला पाण्याचे भय असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण माझे भय फक्त पाण्यापुरते नाही. माझ्यावर कोणी श्वास सोडला तरी माझा पृष्ठभाग धुरकट होतो. पनवेलची हवा तर खाडीवरून येते. जूनपासून भिंतींनासुद्धा ओल येते, पुस्तकांना वास येतो. अशा गावात मिठाच्या चकतीने राहायचे म्हणजे काय, ते माझे मलाच माहीत. मला ठेवण्यासाठी काचेचे एक घट्ट झाकणाचे भांडे होते. त्याच्या तळाशी निळे मणी होते. ते मणी हवेतली ओल पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात. मग त्यांना भट्टीत तापवून पुन्हा निळे करावे लागते. मी त्या मण्यांकडे पाहूनच दिवस काढायची. निळे असले की जीव भांड्यात, गुलाबी झाले की धाकधूक.

आता माझे काम सांगते.

मित्रांनो, आकाशात तारे अजूनही जन्माला येत आहेत. जन्मलेला तारा लगेच दिसत नाही. त्याच्याभोवती धुळीचा आणि वायूचा दाट ढग असतो. ही धूळ काजळीहून बारीक असते. ढगाच्या आत इतकी थंडी असते की धुळीच्या प्रत्येक कणावर बर्फ धरतो. पाण्याचा बर्फ, आपण श्वासातून सोडतो त्या वायूचा बर्फ, अमोनियाचा बर्फ. पुढे त्याच धुळीतून आणि बर्फातून ग्रह घडतात. आपली पृथ्वीही अशाच ढगातून आली असे म्हणतात. म्हणून त्या बर्फात काय काय आहे हे माणसांना जाणून घ्यायचे असते.

पण तिथे जाणार कोण? साधा उजेड त्या धुळीतून बाहेर येत नाही. उष्णतेचा उजेड मात्र येतो. त्याला इन्फ्रारेड म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. तापलेल्या तव्याजवळ हात नेला की जाणवतो तो तोच. हा उजेड बर्फातून येताना प्रत्येक बर्फ त्यातला आपल्या वाट्याचा भाग गिळून टाकतो. पाण्याचा बर्फ एक भाग गिळतो, अमोनियाचा दुसरा, वाळूसारखी धूळ तिसराच. दुर्बिणीने तो उजेड पकडून त्याची रेघ काढली की जिथे जिथे गिळले तिथे तिथे रेघ खाली जाते. तिथे खळगा पडतो. खळगे पाहून माणसे सांगतात की तिथे अमुक बर्फ आहे.

आणि खळगा कोणाचा हे ओळखायचे कसे? त्यासाठी मी. मला पोलादी डब्यात एका थंड दांड्याला घट्ट बसवतात. पंप लावून डब्यातली हवा काढून घेतात. दांडा उणे दोनशे साठ अंशांच्या आसपास जातो. मग बारीक नळीतून वायू सोडतात आणि तो माझ्या अंगावर बर्फ होऊन बसतो. त्या बर्फातून आणि माझ्यातून इन्फ्रारेड सोडतात. इथला खळगा ताऱ्याकडच्या खळग्याशी जुळला की ओळख पटली. काच या उजेडाला भिंतीसारखी अडवते. मीठ अडवत नाही. म्हणून तर मला एवढा मान.

सुरुवातीला मला यातले काही कळत नव्हते. वाचायला मी उशिरा शिकले. डब्याच्या खिडकीतून समोरचा संगणक दिसायचा. त्यावरची वाकडी रेघ मी वर्षभर नुसती पाहत होते. मग हळूहळू कळू लागले की ती रेघ माझ्याच अंगातून गेलेल्या उजेडाची आहे. मी जे जाऊ देईन ते तिथे लिहिले जाते. त्या दिवसापासून एक नवी भीती सुरू झाली. माझ्या अंगावर नको ते काही असले, तर तेही तिथे लिहिले जाईल आणि माणसे त्याला ताऱ्यावरचे समजतील.

यावर उपाय होता. बर्फ धरण्याआधी मला तशीच, कोरडी आणि उघडी, तपासायचे. त्या रिकाम्या नोंदीला ती माणसे बॅकग्राउंड म्हणत. नंतरच्या रेघेतून ती वजा केली की माझा दोष निघून जाई आणि उरे तो फक्त बर्फ. मनस्वी ही नोंद कधी चुकवत नसे.

थंडीचीही भीती सांगायला हवी. मीठ ठिसूळ असते. घाईने गार केले की तडा जातो. शिवाय दर महिन्या-दोन महिन्यांनी धुरकटपणा काढायला मला ओल्या नव्हे, स्पिरिटच्या फडक्यावर बारीक पूड टाकून घासावे लागे. घासले की मी लखलखीत व्हायचे आणि थोडी पातळही व्हायचे. माझ्याबरोबर आलेल्या दोन चकत्या याच वाटेने गेल्या. एक दांड्यावर फुटली. दुसरी एका पावसाळ्यात मणी वाळवायचे राहिले म्हणून कडेपासून विरघळून गेली. २०२३ सालच्या जुलैत मी एकटीच उरले होते. नव्या चकत्या मागवल्या होत्या, पण त्या यायला दिवाळी उजाडणार होती.

त्या वेळी मनस्वीच्या मागे एक खळगा लागला होता. एका तरुण ताऱ्याच्या रेघेत, पाण्याच्या बर्फाच्या मोठ्या खळग्याशेजारी, एक छोटासा खळगा होता. तो कोणाचा ते त्यांच्या गटात कोणालाच सांगता येत नव्हते. मनस्वी वेगवेगळी मिश्रणे करून पाहत होती. तो जुळला असता तर तिचा प्रबंध पुरा होणार होता. नाही जुळला, तर तिची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि पुढे अंधार होता. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे. पण डब्याचा प्रत्येक स्क्रू ती दोनदा आवळत असे, त्यावरून मला कळत असे.

एका शनिवारी तिचे वडील तिला जेवणाचा डबा द्यायला आले. जगनकाका जन्मभर मिठागरात राबलेले. आता मिठागर बुजून त्यावरून रुंद रस्ता गेला होता आणि काका करंजाड्याच्या घरी बसून होते. मी त्या दिवशी घासून, पुसून टेबलावर मऊ कागदात ठेवलेली होते. सरांना काकांची गंमत करावीशी वाटली. त्यांनी मला कागदासकट उचलले आणि हात पुढे केला.

"घ्या काका. ओळखा पाहू काय आहे?"

"काच."

"मीठ आहे. तुमच्याकडचंच."

काकांनी पुढे केलेला हात झटकन मागे घेतला. "मंग हातात नका देऊ सायेब. मीठ हातातून हातात घेत नाय आमी. भांडान होतं. खाली ठेवा, मी उचलतो."

सर हसले. "माझ्याशी भांडायला तुमची मुलगी पुरेशी आहे." त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि कागद आपल्या हातात तसाच राहू दिला. कागदातून दिली असती, तर काकांनी कागदातून धरली असती. पण मी उघडी टेबलावर होते. कोणी काही बोलायच्या आत काकांनी मला उघड्या बोटांनी उचलले. कडेने नव्हे. मधोमध, अंगठा आणि बोट यांच्यात, मिठाचा खडा उजेडाला धरून पाहतात तसे.

"बा! ठेव! ठेव ती!" मनस्वी ओरडली.

काकांनी मला इतक्या जपून ठेवले की टेबलाला आवाजही झाला नाही. "काय बिघारलं काय गो?"

तिने मला दिव्याखाली तिरके धरून पाहिले. तिच्याबरोबर काम करणारी, सुकापूरची प्रांजल, तीही वाकली. अंगावर काहीच डाग नव्हता. "लकी आहेस," प्रांजल म्हणाली. "घाम असता ना, तर आत्ता इथे काकांचं आधार कार्ड छापलं असतं."

तिचे म्हणणे खरे होते. घाम असता तर मी तिथल्या तिथे विरघळले असते आणि ठसा सगळ्यांना दिसला असता. पण काकांच्या हाताला घाम नव्हता. तेल होते. मिठागरात मीठ कातडी खाते, म्हणून माणसे सकाळी हातापायांना खोबरेल चोळूनच कामाला उतरत. मिठागर गेले तरी काकांची ही सवय गेली नव्हती. तेलाने मी विरघळत नाही, धुरकटही होत नाही. अंगावर त्याचा पातळ थर बसला आणि मी होते तशीच लखलखीत दिसत राहिले. तो थर मला जाणवत होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

"पुन्हा घासू का?" मनस्वीने विचारले.

"नको," सर म्हणाले. "आधीच पातळ झाली आहे. स्वच्छ दिसते आहे, बसव."

मला बसवले. डबा बंद झाला, पंप सुरू झाला. ओलाव्याची भीती गेली, तेलाची राहिली. तरी मी म्हणत होते, काही बिघडत नाही, रिकामी नोंद घेतील, तेल त्यात दिसेल, वजा होईल किंवा मनस्वीच्या लक्षात येईल.

सोमवारी मला गार करायला घेतले आणि अर्ध्यात लाईट गेली. यंत्राची धडधड थांबली. मी अर्धवट गार अवस्थेत अंधारात लटकले होते.

"सोमवारीच कशी जाते गं?" प्रांजल म्हणाली. "दृष्ट लागली आपल्याला. विंडोच ओवाळून टाकू का? मीठच आहे."

"गप गं. मिरच्या तू आण मग."

लाईट आली तोवर दुपार झाली होती. दुसऱ्या दिवशी तारांच्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहणार, असा निरोप आला होता. वायूंचे मिश्रण करून ठेवलेले होते, ते टिकणारे नव्हते. मनस्वी संगणकापुढे बसली. रिकामी नोंद घ्यायला वेळ लागतो. तिने घड्याळाकडे पाहिले, मग पडद्याकडे.

"शुक्रवारचाच बॅकग्राउंड घेते," ती म्हणाली. "तीच विंडो, तोच दिवा. काय फरक पडतोय?"

शुक्रवारी माझ्या अंगावर तेल नव्हते, मित्रांनो.

वायू आला. माझ्यावर बर्फ धरला. इन्फ्रारेड माझ्यातून गेला आणि पडद्यावर रेघ उमटू लागली. पाण्याचा मोठा खळगा आला. अमोनियाचा आला. आणि पाण्याच्या शेजारी, जिथे ताऱ्याकडे होता जवळजवळ तिथेच, एक छोटासा खळगा आला. मनस्वी खुर्चीतून उठली. पुन्हा बसली. तिने प्रांजलचा दंड धरून तिला पडद्यापाशी ओढले.

मला मात्र कळले होते. कोणत्याही तेलाचा खळगा तिथेच पडतो.

सर धावत आले. त्यांनी ताऱ्याची रेघ आणि ही रेघ एकावर एक ठेवली. "शाब्बास," ते म्हणाले. पुढच्या गुरुवारी बंगळुरूला परिषद होती. तिथे ते हा खळगा दाखवणार असे ठरले.

दोन दिवसांनी काका पेढे घेऊन आले. आख्ख्या आळीत वाटून उरलेले हे. "शेजारचा बुधाजी काय बोलतो माहीत हाय?" ते सांगत होते. "बोलतो, जगन, तुजी पोर तारं बघते का बरफ विकते? मी बोललो, तुजा पोरगा रिक्षात गॅस भरतो, माजी पोर ताऱ्यावरचा गॅस वळखते." सगळे हसले. काकांनी डब्याच्या खिडकीतून आत डोकावून मला पाहिले. मी त्यांचाच अंगठा अंगावर घेऊन बसले होते. माणूस इतका आनंदात असताना त्याची इतकी भीती वाटावी, असे मला पुन्हा कधी झाले नाही.

मंगळवारची तारांची दुरुस्ती ऐनवेळी रद्द झाली होती, त्यामुळे यंत्र चालूच होते आणि बर्फ माझ्या अंगावर टिकून होता. शुक्रवारी सकाळी मनस्वीने मला गरम करायला घेतले. कोणता बर्फ कधी उडून जातो हे पाहायचे होते, म्हणून तिने नोंद चालू ठेवली. आधी एक खळगा भरून आला आणि रेघ सपाट झाली. मग अमोनियाचा गेला. शेवटी पाण्याचाही गेला. माझ्या अंगावर आता बर्फाचा कणही नव्हता. मी खोलीइतकी उबदार झाले होते.

तो छोटा खळगा मात्र तसाच होता.

मनस्वीने रेघेचा तो भाग पडद्यावर मोठा करून पाहिला. तिने नोंद पुन्हा घेतली. पुन्हा तेच. बर्फ गेला होता आणि खळगा राहिला होता. म्हणजे तो बर्फाचा नव्हता.

"पंपाचं तेल असेल का गं?" प्रांजल हळूच म्हणाली.

मनस्वीने आपला तळहात नाकाशी नेला आणि खाली ठेवला. लहानपणापासून वडिलांच्या हाताचा वास तिला पाठ होता. तो आठवायला तिला वेळ लागला नाही.

"थोडा तेलाचा असेल, थोडा बर्फाचाही असेल," प्रांजल म्हणाली. "पूर्ण खोटा कशावरून?"

"तेच बघायला हवं."

बघायचे म्हणजे मला पुन्हा घासायचे, पुन्हा गार करायचे, या वेळी रिकामी नोंद घ्यायची आणि तेच मिश्रण पुन्हा धरायचे. तिने सरांना सांगितले. सरांचा चेहरा उतरला.

"घासलीस तर ती टिकेल का? तडा गेला तर गुरुवारी माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. निदान मी परिषदेहून आल्यावर बघू."

"सर, खळगा तेलाचा असेल तर गुरुवारी दाखवायचं काय?"

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर पाऊस लागला होता. "घास," ते म्हणाले. "पण सावकाश."

मित्रांनो, मला तेव्हा दोन भित्या होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. घासले नाही तर मी खोटी साक्ष देत राहणार होते. घासले तर मी फुटणार होते, आणि मी फुटले की खरे काय ते दिवाळीपर्यंत कोणालाच कळणार नव्हते. मनस्वीने मला स्पिरिटच्या फडक्यावर ठेवले. श्वास माझ्यावर पडू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला. ती मला गोल गोल फिरवू लागली. तेल गेले, आणि तेलाबरोबर मीही गेले, थोडी थोडी. माझ्यातून आता तिच्या बोटांची रेषान् रेषा दिसत होती.

मग दांडा. मग थंडी. या वेळी तिने इतके सावकाश गार केले की सोमवारची दुपार सरून संध्याकाळ होत आली. मी माझ्या सगळ्या अंगाने आवळले जात होते. आणि तेवढ्यात 'टिक' असा आवाज झाला. अगदी लहान, पण खोलीतल्या तिघांनीही ऐकला.

माझ्या कडेपासून एक तडा निघाला होता. तो मध्यापर्यंत आला असता, तर उजेड जातो ती जागाच फुटली असती. कोणी हलले नाही. तडा थोडा पुढे सरकला. मग थांबला. मनस्वीने डोळे मिटून घेतले होते. प्रांजलने सांगितले तेव्हा उघडले.

तिने आधी रिकामी नोंद घेतली. माझ्या अंगावर काही नव्हते. मग मिश्रण सोडले. पाण्याचा खळगा आला. अमोनियाचा आला. त्या छोट्या खळग्याच्या जागी रेघ सरळ पुढे निघून गेली.

तिथे काहीच नव्हते.

सरांनी त्याच संध्याकाळी परिषदेला कळवले की ते हा खळगा दाखवणार नाहीत. मनस्वीने यंत्र बंद केले, रेघ जपून ठेवली आणि पोलादी डब्यावर हात टेकून थोडा वेळ उभी राहिली. मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काका आले. या वेळी पेढे नव्हते. ते दारातच थांबले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"सायेब, पोरीला काढू नका," ते म्हणाले. "हात माजा हाय. तिचा काय गुना नाय."

"काका, आत या."

"नको. हितंच बरा हाय."

"अहो, चूक माझी. मी खाली ठेवली म्हणून तुम्ही उचलली. हातात दिली असती तर कागदासकट दिली असती."

"आन मी ती घेतली नसती," काका म्हणाले.

"बा," मनस्वी म्हणाली, "तू हात लावलास ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर रिकामी नोंद घ्यायची हे माझं काम होतं. मी शुक्रवारची लावली. घाई केली. एवढंच झालंय. मला कोण काढत नाय."

काका तिच्याकडे पाहत राहिले. ती खरे बोलते आहे की धीर देते आहे, ते पाहत असावेत. मग त्यांनी विचारले, "म्हंजे त्या ताऱ्यावं जो खड्डा व्हता, तो माज्या अंगठ्याचा?"

"ताऱ्यावरचा नाय रे. आपल्या रेघेतला. ताऱ्यावरचा कोनाचा ते अजून कळलं नाय."

"तरी पन," काका म्हणाले, "आठवडाभर का व्हईना, माजा अंगठा त्या ताऱ्याला जुलला व्हता."

प्रांजलला हसू आवरेना, मग सरांनाही. काकाही हसले. पण हसतानासुद्धा त्यांचे हात पाठीमागेच होते, आणि जाईपर्यंत त्यांनी ते पुढे आणले नाहीत.

पुढचे थोडक्यात सांगते. शिष्यवृत्ती संपली तेव्हा मनस्वीने पनवेलला एका शिकवणीत शिकवायला सुरुवात केली आणि उरलेल्या वेळात काम चालू ठेवले. या मिश्रणाने तो खळगा पडत नाही, हे तिने लिहून पाठवले. ते छापून आले. कोणी पेढे वाटावेत असे ते नव्हते. एक वर्ष उशिरा का होईना, तिचा प्रबंध पुरा झाला. सरांनी तेलाची रेघ आणि तेलाशिवायची रेघ, दोन्ही शेजारी शेजारी भिंतीवर लावल्या. नवीन मुले आली की ते आधी त्या दाखवतात.

दिवाळीनंतर ज्या चकत्या आल्या त्या मिठाच्या नाहीत. त्या पिवळसर आहेत आणि त्यांना पाण्याचे भय नाही. तडा गेलेली मी भांड्यात परत गेले आणि भांडे कपाटाच्या खालच्या फळीवर गेले. तिथे माझ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मणी मागच्या पावसाळ्यात गुलाबी झाले, ते तसेच आहेत. माझी कड थोडी मऊ झाली आहे. मी त्याबद्दल कोणाला दोष देत नाही. पण भीती वाटते, ती वाटतेच.

मित्रांनो, तुम्ही कधी कपाटात असे भांडे पाहिलेत, तर मणी तेवढे वाळवा. आणि दुसरे सांगते, ते माझ्यापुरते नाही. काहीही मोजायला निघालात तर आधी रिकामे मोजा. स्वच्छ दिसते म्हणून सोडू नका, कालच मोजले होते म्हणूनही सोडू नका. आपल्या अंगावर आधीपासून काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो दूरच्या ताऱ्यावर आपलाच डाग पाहून येतो. त्यात लाज नाही. लाज वाटेल म्हणून पुन्हा न पाहणे, त्याचे मात्र मला फार भय वाटते.

गेल्या वर्षी एकदा मनस्वी बरेच दिवस प्रयोगशाळेत आली नाही. प्रांजल फोनवर कोणाशी तरी बोलत होती, त्यावरून मला कळले. जगन मोकल २०२५ सालच्या फेब्रुवारीत, माघी गणपतीच्या आठवड्यात, करंजाड्याच्या घरी वारले.